घरच्या स्टेरिओ संचासाठी रेडिओची अँटेना

घरात नवा स्टेरिओ संच येतो. दोन ध्वनिक्षेपक खोलीच्या दोन बाजूंना मांडले जातात, एफ. एम. केंद्र लावले जाते आणि गायन सुरू होते. परंतु गाण्याच्या मागे एक बारीक खरखर सतत ऐकू येत राहते. ऐकणारा संचाला दोष देतो व ध्वनिक्षेपक बदलण्याचा विचार करू लागतो. अशा वेळी संचावरील ‘मोनो’ हे बटण दाबून पाहावे. बहुधा खरखर तत्काळ नाहीशी होते; मात्र तिच्याबरोबर डाव्या-उजव्या बाजूंचा भेदही नाहीसा होतो. संच तोच, केंद्रही तेच. मग हा फरक कोठून आला? याचे उत्तर समजले म्हणजे अँटेनेचे महत्त्व आपोआप पटते.

बेरीज आणि वजाबाकी

लहरीची कंप्रता किंचित कमीजास्त करून तिच्याकडून ध्वनी वाहून नेण्याच्या पद्धतीस एफ. एम. म्हणतात. अमेरिकन अभियंते एडविन आर्मस्ट्राँग यांना या पद्धतीची पेटंटे १९३३ साली मिळाली. अमेरिकेत एफ. एम. वरून स्टेरिओ प्रक्षेपण १९६१ साली सुरू झाले. भारतात आकाशवाणीचे पहिले एफ. एम. प्रक्षेपण १९७७ साली मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई, येथून झाले.

स्टेरिओमध्ये डावा ध्वनी व उजवा ध्वनी सरळ दोन मार्गांनी पाठवीत नाहीत. तसे केले असते, तर साधा संच बाळगणाऱ्यास अर्धेच संगीत ऐकू आले असते. म्हणून दोन्ही ध्वनींची बेरीज नेहमीच्या मार्गाने पाठवितात आणि त्यांची वजाबाकी ३८ किलोहर्ट्झ कंप्रतेच्या एका उपवाहकावर चढवितात. साधा संच फक्त बेरीज ऐकवितो. स्टेरिओ संच मात्र बेरजेत वजाबाकी मिळवून डावा ध्वनी व बेरजेतून वजाबाकी काढून उजवा ध्वनी पुन्हा तयार करतो.

या चतुर योजनेची किंमत मात्र मोजावी लागते. एफ. एम. संचात ज्या भागाची कंप्रता अधिक, त्या भागात खरखरही अधिक असते. वजाबाकीचा भाग वरच्या कंप्रतेवर असल्यामुळे तो आपल्याबरोबर पुष्कळ खरखर घेऊन येतो. हा फरक सुमारे २० डेसिबेल, म्हणजे शक्तीच्या हिशेबाने शंभरपट, असतो. तेव्हा मोनोइतकी शांतता स्टेरिओत हवी असेल, तर संचाला सुमारे शंभरपट शक्तीचा संकेत मिळावयास हवा. तो मिळवून देणे हे अँटेनेचे काम होय; महागडा ध्वनिक्षेपक ते करू शकत नाही.

अँटेनेची लांबी

आपल्या देशातील एफ. एम. केंद्रे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतात. रेडिओलहरी सेकंदास सुमारे ३० कोटी मीटर धावते. १०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास दहा कोटी कंपने. म्हणून अशा लहरीची लांबी ३ मीटर येते. या लांबीच्या निम्मा, म्हणजे दीड मीटरचा, वाहक लहरीला चांगला प्रतिसाद देतो. प्रत्यक्षात तो सुमारे पाच टक्के आखूड ठेवावा लागतो. म्हणजे एकूण लांबी सुमारे १४३ सेंटिमीटर झाली.

ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या दोन बारीक नळ्या, प्रत्येकी सुमारे ७१ सेंटिमीटर लांबीच्या, कोरड्या लाकडी पट्टीवर एका सरळ रेषेत बसवाव्यात. मध्ये एक सेंटिमीटर फट ठेवावी. टी. व्ही. साठी वापरतात तशा ७५ ओहमच्या गोल केबलची आतली तार एका नळीस व बाहेरची जाळी दुसरीस जोडावी. संचाची जोडणी ३०० ओहमची असेल, तर मध्ये लहान जुळणी-ट्रान्सफॉर्मर घालावा; अन्यथा मिळालेल्या शक्तीचा काही भाग वाया जातो. मध्यम लहरींसाठी मात्र ही अँटेना उपयोगी नाही. त्या लहरी शेकडो मीटर लांब असतात व त्यांच्यासाठी निराळी अँटेना लागते.

जागा आणि दिशा

एफ. एम. लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. प्रक्षेपक मनोरा १०० मीटर व आपली अँटेना ९ मीटर उंच असेल, तर सपाट प्रदेशात त्यांची गाठ सुमारे ५३ किलोमीटरपर्यंत पडू शकते. मध्ये डोंगर किंवा इमारती आल्या की हे अंतर घटते. म्हणून खोलीपेक्षा खिडकी बरी व खिडकीपेक्षा गच्ची बरी.

आडव्या अँटेनेला तिच्या टोकांच्या दिशेने फारच थोडे ऐकू येते. म्हणून तिची लांब बाजू केंद्रासमोर धरावी. मात्र सर्वांत मोठा संकेत म्हणजे सर्वांत चांगला संकेत, असे समजू नये. डोंगरावर आपटून परतणारी लहर ३०० मीटर अधिक चालली, तर ती मूळ लहरीच्या मागून एक मायक्रोसेकंदाने पोहोचते. दोन्ही एकमेकींत मिसळल्या म्हणजे ‘स’, ‘श’ ही अक्षरे फाटल्यासारखी ऐकू येतात. यासाठी अँटेना थोडी थोडी फिरवावी आणि आवाज जेथे सर्वांत स्वच्छ येईल तेथे ती पक्की करावी. केंद्र फार दूर असल्यास अनेक दांड्यांची यागी-उदा अँटेना लावतात. एके काळी घरोघरच्या छपरांवर दिसणारी टी. व्ही. ची अँटेना याच जातीची होती. जपानमधील यागी व उदा या संशोधकांनी ती १९२६ साली मांडली.

सावधगिरी

गच्चीवरील चूक प्राणावर बेतू शकते. विजेच्या तारांपासून इतके दूर राहावे, की खांब उभा करताना आडवा पडला तरी त्याचे टोक तारेला लागणार नाही. हे काम एकट्याने, वाऱ्यात किंवा ओल्या छपरावर कधीही करू नये. धातूचा खांब जाड तांब्याच्या तारेने जमिनीशी जोडावा, आणि ही जोडणी जाणकार तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. एवढे करूनही प्रत्यक्ष पडणाऱ्या विजेपासून संपूर्ण संरक्षण मिळत नाही. म्हणून वळवाचे ढग जमण्यापूर्वीच केबल संचापासून सोडवून ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये.

सर्व काम झाल्यावर ‘मोनो’चे बटण पुन्हा एकदा दाबून पाहावे. दोन्ही स्थितींतील खरखरीत फरक जाणवला नाही, तर अँटेना आपले काम चोख बजावीत आहे असे समजावे. नवे ध्वनिक्षेपक घ्यावेत की नाही, हा विचार त्यानंतर करावा.