मज्जातंतू आणि लाळग्रंथींचा हळवेपणा

चिंच दिसली की तोंडाला पाणी सुटते. परंतु त्यासाठी मेंदूकडून निघालेला निरोप मज्जातंतूंवाटे लाळग्रंथीपर्यंत पोहोचावा लागतो. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८५० च्या सुमारास ग्रंथीच्या मज्जातंतूला विजेने चेतवले असता लाळ स्रवते, हे दाखविले. मग हा तंतूच तोडला तर? शरीरक्रियाविज्ञानाच्या अभ्यासात मला सर्वांत कुतूहलाचा वाटलेला प्रश्न तो हाच.

ग्रंथी स्वस्थ बसेल, असे कोणीही म्हणेल. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांना मात्र १८६० नंतरच्या काही वर्षांत निराळेच आढळले. कुत्र्याच्या जबड्याखालील ग्रंथीकडे जाणारा ‘कॉर्डा टिम्पनी’ हा तंतू त्यांनी तोडला. काही दिवसांनी तिच्यातून पातळ लाळ सतत झिरपू लागली! या स्रावाला ‘पक्षाघाती स्राव’ असे नाव पडले.

याचा बराचसा उलगडा विसाव्या शतकात स्वीडनमधील लुंड येथे नील्स एमेलिन व त्यांचे सहकारी यांनी केला. कॉर्डा तोडल्यावर दोन-तीन आठवड्यांत मांजराची ग्रंथी इतकी हळवी होते की, पूर्वी पिलोकार्पिनच्या ज्या अल्प मात्रेने काहीच घडत नसे, तेवढ्यानेही लाळ वाहू लागते. एवढेच नव्हे, तर अ‍ॅड्रिनलिनलाही ती अधिक प्रतिसाद देते. अशा ग्रंथीला रक्तातले अ‍ॅड्रिनलिन किंवा जवळच्या तंतूंच्या टोकांतून पाझरणारे थोडेसे अ‍ॅसिटिलकोलीनही पुरेसे होते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. हळवेपणा वाढला म्हणजे ताकद वाढली असे नव्हे. काम नसल्यामुळे ग्रंथी रोडावते, तिचे वजन घटते. ती लवकर जागी होते, इतकेच.

मग हा बदल कशामुळे होतो? तंतूला झालेल्या जखमेमुळे, की निरोप थांबल्यामुळे? धोतऱ्याच्या विषबाधेत तोंड कोरडे पडते, ते अ‍ॅट्रोपिनच्या जातीच्या द्रव्यांमुळे. ही द्रव्ये अ‍ॅसिटिलकोलीनचा निरोप ग्रंथीच्या पेशींना मिळू देत नाहीत. तंतू शाबूत ठेवून मांजरांना अनेक दिवस अ‍ॅट्रोपिन दिले, तरीही त्याचा अंमल उतरताच ग्रंथी हळवी झालेली आढळली. पुढे निरोप नियमित मिळू लागल्यावर ती पूर्ववत झाली. अर्थात खरे कारण जखम नसून निरोपांचा अभाव होय. ऐकू येणारा आवाज बारीक झाला की आपण कान टवकारतो, तसेच काहीसे पेशी करतात.

हे ज्ञान प्रयोगशाळेपुरते नाही. ‘अ‍ॅडी’च्या विकारात डोळ्याच्या बाहुलीचा तंतुपुरवठा बिघडतो. तेथे पिलोकार्पिनचा सुमारे ०.१ टक्क्याचा थेंब बाहुली आकुंचित करतो. निरोगी डोळ्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. एका थेंबाने निदानाला मदत होते.

दुसरे उदाहरण प्रत्येक घराला उपयोगी पडावे. प्रोप्रॅनोलॉल हे औषध हृदयाला मिळणारा अ‍ॅड्रिनलिनसारखा निरोप अडवते. ते दीर्घकाळ घेतल्यावर हृदय त्या निरोपाला हळवे झालेले असते. हृदयविकाराच्या रोग्याने ‘आता बरे वाटते’ म्हणून ते एकाएकी सोडले, तर छातीतील कळा उलट बळावू शकतात, प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणून असे औषध आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करावे.