स्पेनमधील भाषाशिक्षण : व्हिसाची पूर्वतयारी

स्पॅनिश शिकण्यासाठी स्पेनला जाऊ इच्छिणाऱ्या नागपूरच्या विद्यार्थ्याचा व्हिसा अर्ज मुंबईतील स्पॅनिश वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. शुल्क भरण्यापूर्वी निवडलेल्या संस्थेस 'इन्स्तितुतो सर्व्हांतेस'ची मान्यता असल्याची खात्री करावी. मे 2025 पासूनच्या नियमांत तिला महत्त्व आहे. प्रवेशपत्र, आरोग्यविमा आणि निर्वाहाची तरतूद ही अर्जाची मुख्य अंगे होत. 2025 मध्ये तरतुदीचे प्रमाण दरमहा 600 युरो होते.

वास्तव्य 180 दिवसांहून अधिक असल्यास पोलीस दाखला व वैद्यकीय प्रमाणपत्रही लागते. येथे क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम नागपूरच्या पारपत्र कार्यालयामार्फत पोलीस दाखला, नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल प्रमाणीकरण आणि शेवटी अधिकृत स्पॅनिश अनुवाद. अनुवाद आधी केल्यास प्रमाणीकरणाचा मजकूर त्यातून सुटतो आणि खर्च दुप्पट होतो.

तथापि खरी तयारी गावातच सुरू होते. जन्मनोंद, शाळेचा दाखला व पारपत्र यांत नाव किंवा जन्मतारीख जुळत नसेल, तर भरलेले शुल्क व एक वर्ष दोन्ही वाया जाण्याचा धोका असतो. मुख्याध्यापक व ग्रामपंचायतीने अशा नोंदी वेळीच तपासून दुरुस्त करून दिल्यास विद्यार्थ्याची वाट निम्मी सुकर होईल.