ऑपरेशननंतर त्रास झाला, केस करायची का?

सिझर झालेल्या बाईच्या टाक्यांतून पू आला की वस्तीत दोन मतं पडतात. एक म्हणतं, डॉक्टरवर केस ठोका. दुसरं म्हणतं, नशिबात होतं. कागद मात्र दोघांनीही बघितलेले नसतात.

सर्जिकल वॉर्डात काम केल्यामुळं सांगते, सगळी काळजी घेऊनही टाके पिकतात. साखर वाढलेली, अंगात रक्त कमी, तर जास्तच. नुसता त्रास झाला म्हणून कोर्ट हलगर्जीपणा मानत नाही. विचारायचं ते असं : ताप चढला, पोट फुगलं, तेव्हा कोणी तपासलं? किती वाजता? पुढं काय केलं? धोका आधी आपल्या भाषेत सांगितला होता का?

आपल्या मराठवाड्यातलाच खटला घ्या. जुलै १९६३, औरंगाबादचं सरकारी रुग्णालय. बाळंतपणानंतर तीन दिवसांनी एका बाईचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालं. मग ताप, पोटात दुखणं. सहा दिवसांनी पोट पुन्हा उघडलं तर आत टॉवेल आणि पू. २४ जुलैला ती गेली. नवऱ्यानं दावा लावला. खालच्या कोर्टानं ३६ हजार रुपये मंजूर केले, हायकोर्टानं ते फिरवलं आणि १९९६ साली सुप्रीम कोर्टानं ते पुन्हा कायम केलं. दोष नेमक्या कोणत्या डॉक्टरचा यावर सरकारची सुटका झाली नाही. पोट शिवण्याआधी टॉवेल, गॉज मोजून डॉक्टरला सांगणं हे सिस्टरचं रोजचं काम आहे. टॉवेल आत राहिला, तर त्याला 'गुंतागुंत' म्हणत नाहीत. निकालाला ३३ वर्षं लागली, हेही लक्षात असू द्या.

म्हणून आधी कागद. केसपेपर, ऑपरेशनची नोंद, भुलेचा कागद, सिस्टरचा चार्ट, संमतीपत्र, या सगळ्यांच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाची पोच घ्या. नियमानं त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. त्या घेऊन दुसऱ्या सर्जनकडं जा, लेखी मत मागा. इलाज मात्र थांबवू नका. आणि काचा फोडू नका. २०१० च्या कायद्यानं तो अजामीनपात्र गुन्हा आहे, आत जातील ती आपलीच पोरं.

पैसे भरून इलाज घेतला असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. सगळ्यांनाच फुकट इलाज देणारं सरकारी रुग्णालय असेल तर ग्राहक आयोग नाही, दिवाणी कोर्ट. पोलीस केसला तर फार मोठा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, हे सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये स्पष्ट केलंय.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. परभणीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र सोबत न्या. अर्ज बाईच्या नावानं असेल तर तेही लागत नाही, उत्पन्नाची अटही नाही.