परदेशी व्यापाराचे शिक्षण आणि आपली बी. ए.

(द्वितीय वर्ष, कला)

माझे वडील धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या डिस्पॅच खात्यात ठेकेदाराकडे हेल्पर आहेत. भरलेल्या ड्रमांवर लेबले चिकटविणे आणि ड्रम मोजून गाडीत चढविणे हे त्यांचे काम. शिक्षण चौथीपर्यंत. मी अकरावीत असताना एका लॉटमधील काही ड्रमांवर भलत्याच देशाची लेबले लागली. जर्मन लेबल कोणते आणि इटालियन कोणते हे तेथे कोणालाच ओळखता आले नव्हते. सारे ड्रम उतरवून पुन्हा लेबले लावावी लागली आणि हेल्परांची दोन दिवसांची मजुरी कापली गेली. त्या रात्री वडिलांनी एक फाटके लेबल माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "तू शिकतोस ना? मग सांग बघू, यात काय लिवलंय." मला सांगता आले नाही.

त्या लेबलावर ठळक अक्षरांत 'गेफार' असा शब्द होता. जर्मन भाषेत त्याचा अर्थ धोका. लाल चौकटीतले चित्र वडील ओळखत होते, परंतु शब्द ओळखत नव्हते. प्रस्तुत लेखाचा विषय मला त्या लेबलाने दिला. तो विषय असा की, दूरच्या देशाशी व्यापार करावयाचा तर कोणते शिक्षण हवे आणि ते आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला मिळू शकते काय?

प्रथम लेबलाचेच उदाहरण घेऊ. युरोपीय संघात २००७ सालापासून 'रीच' नावाचा कायदा लागू आहे. वर्षाला एक टन किंवा त्याहून अधिक रसायन तेथे बनविणाऱ्याने अगर आयात करणाऱ्याने त्याची नोंदणी करावी लागते. नोंदणीचे कार्यालय फिनलंडमधील हेलसिंकी येथे आहे. युरोपबाहेरच्या उत्पादकाला या कामासाठी तेथे आपला प्रतिनिधी नेमता येतो. लेबलाविषयी दुसरा कायदा २००८ सालचा आहे. ज्या देशात माल विकायचा त्या देशाच्या राजभाषेत धोक्याची सूचना हवी, असे तो सांगतो. म्हणजे साधा एक ड्रम धाटावहून न्हावाशेवा बंदरामार्गे जर्मनीस पाठवायचा तर तीन प्रकारचे ज्ञान लागते. भाव, पतपत्र, विमा, जहाजभाडे यांचे ज्ञान म्हणजे व्यापार. लेबल आणि पत्र वाचण्याचे ज्ञान म्हणजे भाषा. तेथला कायदा, माणसांच्या सवयी, सुट्ट्या आणि सण यांचे ज्ञान म्हणजे प्रदेशाचा अभ्यास.

या तिसऱ्या ज्ञानाकडे आपण सहसा दुर्लक्ष करतो. आपल्याच जिल्ह्यातील पेणच्या गणेशमूर्ती परदेशी जातात. समजा, एखाद्याला मॉरिशसच्या बाजारात उतरायचे आहे. तेथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तेथे आजही राहतात, त्यांच्यापैकी बहुतेकांची रोजची बोली क्रिओल आहे आणि छापील व्यवहारात फ्रेंच मोठ्या प्रमाणावर चालते, हे त्याला ठाऊक हवे. हिशेबाच्या पुस्तकात यातले काहीच सापडत नाही. ते इतिहास, भूगोल आणि समाजशास्त्र या विषयांत सापडते, आणि हे विषय तर आपलेच आहेत.

हे तिन्ही एकाच पदवीत शिकविण्याची कल्पना नवी नाही. जर्मनीतील पासाऊ विद्यापीठात १९८९ साली भाषा, अर्थव्यवहार आणि सांस्कृतिक प्रदेश यांचा एकत्रित अभ्यासक्रम सुरू झाला. विद्यार्थी एक प्रदेश निवडतो, त्या प्रदेशाची भाषा व समाज शिकतो, सोबत व्यवसाय व्यवस्थापन आणि अर्थशास्त्र घेतो आणि काही काळ परदेशात राहून येतो. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, आज तेथे या अभ्यासाला मिळणारी पदवी बी. ए. हीच आहे. आपल्याकडे बी. ए. म्हटले की लोक विचारतात, "पुढे काय करणार?" तेथे त्याच दोन अक्षरांत व्यापारही बसविला आहे.

कोणी म्हणेल, इंग्रजी येते तेवढे पुरे, जर्मन कशाला? ऑर्डर इंग्रजीत येते हे खरे. परंतु व्यवहार आता ऑर्डरपुरता राहिलेला नाही. सुदर्शन केमिकल इंडस्ट्रीज ही १९५१ साली स्थापन झालेली पुण्याची कंपनी. पिगमेंट म्हणजे रंगद्रव्ये तयार करणारे तिचे कारखाने रोहा आणि महाड येथे आहेत. जर्मनीचा हॉयबाख समूह याच धंद्यातला, दोनशे वर्षांची परंपरा असलेला. २०२२ साली त्याने क्लॅरियंट कंपनीचा पिगमेंटचा व्यवसाय घेतला, आणि त्याबरोबर रोह्याचा कारखानाही त्याच्याकडे गेला. २०२४ च्या एप्रिलमध्ये हॉयबाखने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुदर्शनने तो समूह विकत घेण्याचा करार जाहीर केला आणि मार्च २०२५ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. रोह्यातले दोन शेजारी कारखाने अशा रीतीने जर्मनीचा फेरा घालून एका समूहात आले.

पूर्वी साहेब तिकडचे आणि कामगार इकडचे, असे चित्र असे. आता मालक इकडचा आणि कामगार तिकडचे, असेही घडते आहे. फ्रांकफुर्टच्या कामगाराशी त्याच्या नोकरीविषयी बोलायचे तर कोणत्या भाषेत बोलावे? माझ्या वडिलांना न कळणाऱ्या भाषेत सूचना मिळाली की काय होते, ते मी पाहिले आहे. तीच पाळी दुसऱ्या देशाच्या कामगारावर आपण आणू नये, असे मला वाटते.

आपल्या भागातील एक थोर उदाहरणही येथे आठवते. डॉ. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाडजवळील नाते येथे झाला. १९१२ साली मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळविली. पुढे ते केंब्रिजला शिकले, तेही निसर्गविज्ञान. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९४४ साली अमेरिकेतील ब्रेटन वुड्स परिषदेस गेले. जगाच्या चलनव्यवहाराची घडी बसविणाऱ्या या माणसाने 'मेघदूता'चा मराठी अनुवादही केला. भाषा आणि अर्थव्यवहार यांचे वैर नाही, हे यावरून दिसते. अर्थात त्यांचे वडील वकील होते. आमच्या घरी कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा आपला मार्ग आपल्या ऐपतीप्रमाणेच शोधला पाहिजे.

आता ऐपतीचा हिशेब मांडतो. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्रास १५०० युरो पडतात. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम आधी खात्यात दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो, म्हणजे अकरा लाख रुपयांहून अधिक ठरली. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, परंतु ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पदव्युत्तर व पीएच. डी. शिक्षणासाठी आहे. म्हणजे पदवीच्या वर्षांत परदेशी जाणे आपल्यापैकी बहुतेकांना शक्य नाही. हे कटू असले तरी मान्य करावे.

पण परदेशगमन हे या शिक्षणाचे चौथे अंग आहे. पहिली तीन अंगे येथे राहूनही साधता येतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचे खुले ऐच्छिक विषय घ्यावे लागतात. तेथे सोपा पेपर शोधण्याऐवजी वाणिज्याचा विषय घ्यावा. भाषेसाठी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात जर्मन, फ्रेंच व रशियनचे विभाग आहेत, आणि दोन्ही शहरांत मॅक्स म्युलर भवन आहे. युरोपीय भाषांच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या असतात. जपानीच्या एन-५ पासून एन-१ पर्यंत पाच. प्रदेशाच्या अभ्यासाचे म्हणाल, तर मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिकेच्या अभ्यासाचे केंद्र आहे. आपल्या फील्ड प्रोजेक्टसाठी मात्र तेवढ्या दूर जाण्याचीही गरज नाही. धाटावचा माल कोणत्या देशांत जातो आणि तेथे काय नियम आहेत, एवढा विषय एका वर्गाला वर्षभर पुरेल.

मी स्वतः सुट्टीत बेकरीत काम करून फी जमविली आणि मोबाइलवरून जर्मनची पहिली पायरी पूर्ण केली. दुसरी चालू आहे. घरी यावरून बोलणी होतात. काका म्हणतात, आयटीआय केले असते तर आतापर्यंत पगार सुरू झाला असता. त्यांचे म्हणणे खोटे नाही. वडिलांनी मला बी. ए. पूर्ण होईपर्यंत मुदत दिली आहे, त्यानंतर पगार घरी आला पाहिजे. माझा हा बेत चुकला तर त्याची किंमत एकट्या मला नव्हे, सगळ्या घराला मोजावी लागेल, याची मला जाणीव आहे.

म्हणून प्राध्यापकवर्गाला माझी नम्र विनंती आहे. कला आणि वाणिज्य या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांचे मिळून एक अभ्यासमंडळ आपल्या महाविद्यालयात सुरू करावे. आठवड्यातून दोन तास पुरेत. एक तास भाषेचा, एक तास निर्यातीच्या कागदपत्रांचा. भाषेच्या तासाची सुरुवात मी माझ्या तोडक्यामोडक्या जर्मनने करून देईन.

ते फाटके लेबल मी वहीत जपून ठेवले आहे. मागच्या महिन्यात ते वडिलांना पूर्ण वाचून दाखविले. कोणते रसायन आहे, डोळ्यांत गेल्यास काय करावे, सारे ऐकून ते म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या शिफ्टमधल्या दोघांना ते सांगितले.