पन्नास वर्षांचा अल्बम, नवं वेष्टन : सोलापुरात बसून कितीला पडेल?

पिंक फ्लॉइडचा 'विश यू वेअर हिअर' १२ सप्टेंबर १९७५ रोजी बाजारात आला. पन्नाशी झाली म्हणून डिसेंबर २०२५ मध्ये तो नव्याने निघाला. तीन एलपींचा संच, दोन सीडींचा संच, ब्ल्यू-रे, आणि हे सगळं एकत्र करून वर पुस्तक वगैरे घातलेली डीलक्स पेटी. तेव्हापासून आमच्याकडच्या रॉकवेड्यांत एकच वाद चाललाय. यात नव्वदच्या दशकात इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर कॅसेटवरून कॅसेट भरून घेतलेली पिढी आहे, आणि आता पुण्यात आयटीत असलेली त्यांची पोरंही. एक पक्ष म्हणतो, मूळ रेकॉर्डिंगला हात लावायचाच कशाला? दुसरा म्हणतो, "आधी ऐक तरी बे!" मी तिसऱ्या पक्षात. आमचा प्रश्न साधा असतो: पडतं कितीला?

शंभर-सव्वाशे रुपयांपासून चाळीस हजारांपर्यंत काहीही पडतं. म्हणून आधी आपण नेमकं काय विकत घेतोय ते बघू.

वेष्टनावर 'रिमास्टर्ड' असं छापलं की भाव चढतो, पण या एका शब्दाखाली दोन वेगळी कामं खपवली जातात. गाणं रेकॉर्ड करताना गिटार, ड्रम, गळा असं सगळं वेगवेगळ्या ट्रॅकवर असतं. त्यांचं मिश्रण करून जी शेवटची टेप तयार होते ती मास्टर. रिमास्टर म्हणजे त्या तयार टेपवरच पुन्हा काम: आवाजाची पातळी, ट्रेबल, बास, खरखर. रिमिक्स म्हणजे सुट्या ट्रॅकपर्यंत मागे जाऊन मिश्रणच नव्याने करणं. पहिल्यात फरक बेताचा असतो, कधीकधी ऐकूही येत नाही. दुसऱ्यात गाणं बदलल्यासारखं वाटू शकतं.

किंग क्रिम्झनचा १९६९ चा 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग' घ्या. तेव्हा मिक्स उतरवताना टेपयंत्राचं हेड नीट जुळलेलं नव्हतं, त्यामुळे ट्रेबल दबला. पुढे कित्येक वर्षं बाजारात आलेल्या प्रती नकलेवरून काढलेल्या होत्या. मूळ मास्टर हाती लागल्यावर २००४ मध्ये नवं रिमास्टर निघालं, आणि २००९ मध्ये स्टीव्हन विल्सन यांनी बँडचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांच्यासोबत सुट्या ट्रॅकवरून रिमिक्स केलं. इथे पैसे मोजण्यात अर्थ आहे. फ्लॉइडच्याच 'अॅनिमल्स'चं जेम्स गथ्री यांनी केलेलं रिमिक्स २०१८ मध्ये तयार होतं, पण वेष्टनाच्या आत छापायच्या मजकुरावरून बँडच्याच रॉजर वॉटर्स आणि डेव्हिड गिल्मोर यांच्यात जुंपली आणि ते २०२२ मध्ये बाहेर आलं. तिथेही फरक चांगला कळतो. उलट काही रिमास्टरांत नुसता आवाज चढवलेला असतो. सगळंच मोठ्याने वाजायला लागलं की हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर जातं, आणि या जातीच्या संगीताचा जीवच त्या अंतरात असतो.

'विश यू वेअर हिअर'च्या या आवृत्तीत नवं काय? गथ्री यांनी केलेलं डॉल्बी अॅटमॉस मिक्स, बँडचे सुरुवातीचे गायक सिड बॅरेट यांच्या आठवणीतल्या, अल्बमवर दोन तुकड्यांत विभागलेल्या लांब रचनेचे नऊही भाग सलग जोडलेलं नवं मिक्स, काही डेमो, आणि एप्रिल १९७५ मधल्या लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमाचं एका श्रोत्याने चोरून केलेलं रेकॉर्डिंग, स्टीव्हन विल्सन यांनी साफ करून दिलेलं. तुमचा जीव मूळच्या पाच गाण्यांतच अडकला असेल आणि ती घरात सीडीवर आधीच असतील, तर नव्याने घेण्याजोगं त्यात थोडं आहे. थेट कार्यक्रमांचं वेड असेल तर मात्र भरपूर आहे.

आधी महिनाभर भाड्याने ऐका

काहीही विकत घेण्याआधी एक महिना स्ट्रीमिंगवर ऐका. अॅपल म्युझिक शंभर-सव्वाशे रुपये महिना घेतं आणि त्यातच लॉसलेस (म्हणजे आवाज न दाबलेलं), अॅटमॉस दोन्ही येतं. २०२१ पासून त्याचे वेगळे पैसे नाहीत. स्पॉटिफायने नोव्हेंबर २०२५ मध्ये आपले दर नव्याने लावले: लाइट १३९, स्टँडर्ड १९९, प्लॅटिनम २९९. लॉसलेस हवं तर २९९ चं घ्यावं लागतं. निव्वळ जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर अॅपल स्वस्त पडतं. (हे आणि पुढचे सगळे भाव हा मजकूर लिहितानाचे. कंपन्यांचा काही नेम नाही.)

पण एक गोष्ट लोक विसरतात. लॉसलेसचे पैसे भरायचे आणि ब्लूटूथच्या इअरबडवर ऐकायचं, हा शुद्ध तोटा. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज पुन्हा दाबला जातो. फोनला जॅक नसेल तर टाइप-सीची वायरची पिन घ्या. चांगल्या कंपनीची हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळते. त्यावर दीड-दोन हजारांचे वायरवाले आयईएम (कानात बसणारे इअरफोन) लावा. सोलापूरच्या नवी पेठेतल्या मोबाइलच्या दुकानांत पिन मिळेल, पण दोनशे रुपयांची घेऊ नका, तिच्यात डाव्या-उजव्या कानाचा तोल बऱ्याचदा गडबडलेला असतो. एवढ्या तीन हजारांत जो फरक ऐकू येतो तो तीस हजारांच्या पेटीनेही येत नाही, कारण पेटी ऐकायलाही शेवटी कानाला काहीतरी लावावंच लागतं.

तुलना कुठे करायची तेही सांगतो. शीर्षकगीताच्या सुरुवातीला गिटार जुनाट रेडिओतून आल्यासारखी बारीक, खरखरत येते. ती गिल्मोर यांच्या मोटारीतल्या रेडिओवरून टिपलेली सुरुवात आहे. मग जवळ बसून कुणी वाजवावी तशी दुसरी गिटार तिच्यावर येते. चांगल्या आवृत्तीत या दोन गिटारींमधलं अंतर हाताने मोजावं इतकं स्पष्ट होतं, आणि मधला खोकलाही ऐकू येतो. खरखर ऐकून डिस्क खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. ती १९७५ पासून तशीच आहे.

सीडी : सोलापूरला मानवणारा सौदा

दोन सीडींचा संच आयात होऊन साधारण दीड ते अडीच हजारांत पडतो. अडचण एवढीच की आता लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो. यूएसबीने जोडायचा डीव्हीडी रायटर दोन-अडीच हजारांत येतो. एकदा सीडी 'एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी'सारख्या मोफत प्रोग्रॅमने फ्लॅक फाइलीत उतरवा. पाऊण तासाचा अल्बम अडीचशे-तीनशे एमबी जागा खातो. मग वर्गणी बंद केली तरी गाणी तुमचीच. घरात जुना डीव्हीडी प्लेअर धूळ खात पडला असेल आणि त्याला डिजिटल आउट असेल, तर तोही चालतो.

सीडीला उन्हाचा फारसा त्रास नाही, हेही इथे लक्षात घ्यायला हवं. एलपीला आहे.

एलपी घ्यायची तर थंडीत

एकेरी आयात एलपी अडीच ते चार हजार, आणि हा तीन एलपींचा संच सहा ते आठ हजार. पण खरा खर्च इथे सुरू होतो. पूर्ण ऑटोमॅटिक, सुरुवातीला ठीक असा टर्नटेबल पंधरा ते अठरा हजार. त्याला अॅम्प्लिफायरवाले स्पीकर, निदान आठ-दहा हजारांचे. सुई तीन-चारशे तासांनी बदलावी लागते. रोज एक एलपी लावणाऱ्याला दर दीड वर्षाने साधारण दोन हजारांचा फटका. आतल्या बाजूने गुळगुळीत असलेली पाकिटं, कार्बन फायबरचा ब्रश, असे आणखी हजार-दीड हजार. म्हणजे पहिली एलपी वाजेपर्यंत तीस-पस्तीस हजार गेलेले असतात. सुटकेसमधला पाच-सहा हजारांचा प्लेअर दिसायला गोड असतो, पण त्याची सुई नव्या रेकॉर्डच्या खाचा लवकर झिजवते. माळ्यावरचा वडिलांचा एचएमव्ही फिएस्टा तर नव्या एलपीसाठी काढूच नका. हल्लीचे प्लेअर दोन ते साडेतीन ग्रॅम दाबाने चालतात, त्या सिरॅमिक सुईचा दाब त्याहून बराच जास्त. जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्यांसाठी तो ठीक आहे.

आणि ऊन. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. पत्र्याच्या गोदामात किंवा डिलिव्हरीच्या बंद टेम्पोत आतली उष्णता याहून कितीतरी जास्त असते, आणि साठ अंशांच्या आसपास व्हिनाइल वाकायला लागतं. पार्सल उघडलं की एलपी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा. कडा बशीसारखी वर आलेली दिसली की समजायचं. सुई वर-खाली व्हायला लागते आणि लांबलेले सूर डुलतात. म्हणून ऑर्डर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत द्या, किंवा उन्हाळ्यात घ्यायचीच असेल तर स्वतः जाऊन आणा आणि गाडीत मागच्या काचेखाली ठेवू नका. घरात ती उभी ठेवायची, एकावर एक आडव्या थप्पीत नाही.

स्वतः जायचं म्हणजे पुणे-मुंबई. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसला सेकंड सिटिंगचे शंभर-सव्वाशे रुपये. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जुन्या एलपी पडलेल्या असतात, त्यात कधीतरी दमदमच्या कारखान्यात छापलेला भारतीय फ्लॉइडही निघतो. तिथे 'रिमास्टर'चा प्रश्न नाही, प्रश्न ओरखड्यांचा. तबकडी उजेडात तिरपी धरा: केसासारख्या रेषा चालतील, नखाला लागणारा ओरखडा नको. मुंबईत काळाघोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झालं. आता नव्या एलपीसाठी माहीमचं रिव्हॉल्व्हर क्लब आहे.

परदेशातून पेटी मागवली तर

हिशेब मांडूनच बघा. समजा पेटी २५० डॉलरला आहे आणि पाठवणावळ ६० डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर झाले २७,९००. सीमाशुल्क वस्तूच्या किमतीवरच नाही, वाहतूक आणि विम्यासह लागतं, आणि आयजीएसटी त्या शुल्कासकट रकमेवर. मी हिशेब करताना दोन्ही मिळून सरसकट ४० टक्के धरतो. कमी लागलं तर बरंच. म्हणजे आणखी ११,१६०. क्रेडिट कार्ड परकीय चलनावर साधारण साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतं, ते साडेअकराशेच्या घरात. कुरिअर कंपनी शुल्क भरून देण्याचा आपला आकार लावते तो वेगळा. तो धरून एकूण साधारण एक्केचाळीस हजार. शिवाय कस्टमसाठी आधार किंवा पॅन द्यावं लागतं. तो संदेश दुर्लक्षित राहिला की पेटी मुंबईत अडकते. कागदपत्रांवर 'गिफ्ट' लिहून शुल्क वाचवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

भारतातल्या आयातदाराकडून तीच पेटी बहुधा स्वस्त पडेल, आणि परत करायची सोय राहते. अशा मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपीचं लेबल असणं कायद्याने बंधनकारक आहे. लेबल नसेल तर घेऊ नका. एमआरपीच्या वर कुणी मागत असेल तर देऊ नका.

पेटीवर एवढे पैसे घालण्याआधी आपल्याकडचं एक उदाहरण सांगायलाच हवं. मुंबईच्या अॅटॉमिक फॉरेस्टचा 'ऑब्सेशन ७७' १९८१ मध्ये निघाला आणि विस्मृतीत गेला. मूळ भारतीय प्रतीला संग्राहक शेकडो डॉलर मोजायचे. लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन रेकॉर्ड्सने २०११ मध्ये तो पुन्हा काढला, तेव्हा सामान्य श्रोत्याला तो पहिल्यांदा ऐकायला मिळाला. माझ्या मते पुनर्मुद्रणाचं खरं काम हेच. जो अल्बम जगात कोट्यवधी घरांत आहे त्याच्या आणखी एका पेटीपेक्षा अशा प्रतीवर मी आधी पैसे टाकेन.

काहीही मागवलं तरी पार्सल उघडताना सील फोडण्याआधीपासून मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. नाही दिला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला फी नाही आणि अर्ज ई-जागृतीवरून घरबसल्या करता येतो.

माझा कौल असा: घरात टर्नटेबल नसेल तर त्यासाठी नवं दुकान मांडू नका. महिनाभर स्ट्रीमिंग, तीन हजारांची पिन आणि आयईएम, मग आवडलं तर दोन सीडींचा संच. साडेपाच-सहा हजारांत काम होतं, सीडीसाठी ड्राइव्ह घ्यावा लागला तर त्याचे दोन-अडीच हजार वेगळे. टर्नटेबल आधीच असेल, तर तीन एलपींचा संच घ्या, पण मार्च लागायच्या आत. पेटी फक्त त्याने घ्यावी ज्याला थेट कार्यक्रमाचं ते जुनं रेकॉर्डिंग, चित्रं आणि पुस्तक या तिन्हींचं वेड आहे आणि ज्याच्या घरी एक्केचाळीस हजारांची पावती दाखवायची सोय आहे.