क्रोन्सचा कोड शिकताना धंद्याचा धडा: नोंदीत नाही ते बिलात नाही

मेडिकल कोडिंगच्या व्हिडिओत एकाच आजाराचं उदाहरण घेतलं होतं, ते इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी सराव आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. हे कोडिंग म्हणजे प्रोग्रामिंग नव्हे. अमेरिकेतल्या डॉक्टरने पेशंट तपासून लिहिलेली नोंद वाचायची आणि आजाराला, उपचाराला ठरलेले कोड द्यायचे. त्या कोडवर विमा कंपनी पैसे देते. हे काम पुणे, मुंबई, हैदराबाद, चेन्नईत रोज चालतं. छोट्या टीमलाही त्यात जागा आहे, पण सगळ्या शाखा करायला गेलात तर एकही धड होत नाही. म्हणून एक शाखा धरा. आज आपण पोटविकार घेतोय, त्यातही आतड्याचा दीर्घकालीन दाह.

१. आजार ओळखा

यात मुख्य आजार दोन. क्रोन्स डिसीजचे कोड के५० ने सुरू होतात, अल्सरेटिव्ह कोलायटिसचे के५१ ने. एकाच वेळी दोन्ही लावता येत नाहीत. आणि आयबीएस, म्हणजे के५८, हा वेगळाच आजार. आयबीडी आणि आयबीएस यात एकाच अक्षराचा फरक दिसतो, पण आयबीएसमध्ये आतड्याला दाह नसतो. इथे घाई करायची नाही.

२. जागा आणि गुंतागुंत शोधा

क्रोन्समध्ये बिंदूनंतरचा पहिला आकडा जागा सांगतो:

- ० : लहान आतडं
- १ : मोठं आतडं
- ८ : दोन्ही
- ९ : जागा लिहिलेली नाही

पुढचे आकडे गुंतागुंत सांगतात. लहान आतड्याचा क्रोन्स, गुंतागुंत नाही: के५०.००. त्यातच गुदमार्गे रक्त पडत असेल तर के५०.०११, आतड्यात अडथळा असेल तर के५०.०१२, फिस्टुला म्हणजे आतड्यातून दुसरीकडे फुटलेली वाट असेल तर के५०.०१३, गळू असेल तर के५०.०१४. बघा, शेवटचा एक आकडा बदलला की पेशंटची सगळी कहाणी बदलते.

३. औषधाचा हिशोब

अशा पेशंटला बऱ्याचदा इन्फ्लिक्सिमॅबसारखं बायोलॉजिक औषध सलाइनमधून देतात. सुरुवातीच्या तीन डोसांनंतर साधारण दर आठ आठवड्यांनी. औषध महागडं, म्हणून विमा कंपनी आधी मंजुरी मागते.

मूळ औषधाचा कोड जे१७४५, आणि एक युनिट म्हणजे १० मिलिग्रॅम. समजा पेशंट ७० किलोचा, डोस किलोमागे ५ मिलिग्रॅम. म्हणजे ३५० मिलिग्रॅम, ३५ युनिट. पण कुपी १०० मिलिग्रॅमची, म्हणून चार फोडल्या. ५० मिलिग्रॅम फेकलं गेलं. मेडिकेअरच्या बिलात ही ५ युनिट वेगळ्या ओळीत, जेडब्ल्यू मॉडिफायर लावून दाखवायची. अर्थात किती दिलं, किती टाकून दिलं, हे नर्सच्या नोंदीत असायला हवं. इन्फ्लेक्ट्रा हे बायोसिमिलर दिलं असेल तर कोडच वेगळा: क्यू५१०३. औषध दीर्घकाळ चालू असल्याचं सांगायला झेड७९.६२० जोडतात.

४. अडलं तर विचारा, पण उत्तर सुचवू नका

नोंदीत फक्त 'क्रोन्स' लिहिलंय. आता काय? के५०.९० लावून मोकळं होता येतं. पण मंजुरीचे कागद एक सांगतात आणि कोड दुसरं, असं झालं की क्लेम अडकू शकतो. मग डॉक्टरचे पैसे लांबतात आणि पेशंटचा पुढचा डोसही लांबू शकतो. आठ आठवड्यांचे दहा-अकरा झाले की आजार पुन्हा उसळायचा धोका असतो. तुमच्या स्क्रीनवरचा एक आकडा तिकडे कुणाच्या तरी पोटात दुखतो, हे लक्षात ठेवा.

म्हणून डॉक्टरला लेखी प्रश्न पाठवायचा. चुकीचा प्रश्न: "फिस्टुला लिहू का? क्लेम लवकर पास होईल." बरोबर प्रश्न: "आजाराची जागा नोंदवावी: लहान आतडं, मोठं आतडं, दोन्ही, अन्य, की सांगता येत नाही?" पैशाचा उल्लेख प्रश्नात कधीच नको. नोंदीत नसलेली गुंतागुंत आपल्या मनाने लावणं ही हुशारी नाही, ती फसवणूक आहे. अमेरिकेत त्यावर कडक कायदे आहेत.

५. धंदा उभा करताना

- आधी सर्टिफिकेट. एएपीसीची सीपीसी परीक्षा १०० प्रश्नांची, चार तासांची, पास व्हायला ७० टक्के.
- मग दोन वर्षं नोकरी करा. धंद्यातलं भांडवल म्हणजे अनुभव.
- क्लायंटशी हिपा कायद्याप्रमाणे लेखी करार हवाच. पेशंटची नोंद व्हॉट्सॲपवर फिरवायची नाही.
- दर चार्टमागे ठरवा. 'मोठा कोड तर जास्त पैसे' असं कुणी म्हटलं तर हात जोडून नाही म्हणा.
- आजारांचे कोड दरवर्षी १ ऑक्टोबरला बदलतात, उपचारांचे सीपीटी कोड १ जानेवारीला. सीपीटीचे हक्क अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे आहेत, त्यामुळे लायसन्सचा खर्च आधीच धरा.

सराव

१. ओपीडीची नोंद: "जुलाब. क्रोन्सचा संशय."
२. "मोठ्या आतड्याचा क्रोन्स, फिस्टुला. इन्फ्लिक्सिमॅब चालू."
३. "क्रोन्स. गुदमार्गे रक्त."

उत्तरं

१. आर१९.७, म्हणजे फक्त जुलाब. ओपीडीत संशयाला कोड नसतो.
२. के५०.११३ आणि झेड७९.६२०.
३. आधी जागा विचारा. उत्तर नाहीच मिळालं तर के५०.९११.

तिसऱ्यात थेट कोड लावला असेल तर मुद्दा चार पुन्हा वाचा. क्लायंट कोडरला पैसे देतो ते नुसता कोड माहीत असल्याचे नाहीत, कुठे थांबून विचारायचं हे कळल्याचे देतो. भेटू पुढच्या व्हिडिओत!