रंग आला नाही म्हणजे आम्लच?

प्रश्न : द्रावणात फिनॉल्फथॅलिन घातलं, रंग आला नाही. मुलांनी वहीत ‘आम्ल’ लिहिलं. बरोबर का?

उत्तर : नाही, आणि ही चूक जरूर सुधारून घ्या. फिनॉल्फथॅलिन गुलाबी होतं ते सामू साधारण 8.2 च्या वर गेल्यावर. त्याखाली लिंबाचा रस असो वा मिठाचं पाणी, दर्शक रंगहीनच. हळदीच्या कागदाचंही तसंच. तो फक्त आम्लारीने लाल होतो. म्हणून मूळ द्रावणाचा थेंब निळ्या लिटमसवर टाका. तांबडा झाला, तरच आम्ल म्हणा. निळा आणि तांबडा दोन्ही कागद जसेच्या तसे राहिले, तर द्रावण उदासीन किंवा त्याच्या अगदी जवळचं. मिथिल ऑरेंजवर मात्र इथे विसंबू नका : 4.4 च्या वर ते पिवळंच दिसतं, त्यामुळे फार सौम्य आम्ल निसटून जातं.